खडूच्या रेघेवरचा नाका

किराणा दुकानाची पायरी चढता चढताच आमचे सर विचारायचे, "काय शेठ, आज कुठलं जहाज लागलं?"

बुऱ्हाणपुरात जहाज! आमच्याकडे पाणी म्हणजे ताप्ती, आणि उन्हाळ्यात तिच्यात म्हशी गुडघाभर पाण्यात उभ्या असतात. शेठ काट्यावरची नजर न हलवता सांगायचा, "सर, इथं तं खंडव्याचा ट्रक लागतो. जहाज लागलं की सबसे पहले तुमालेच कळवतो." सर खूश होऊन हसायचे. मग वाटाण्याच्या पोत्यात हात घालून चार दाणे उचलायचे, एक दाताखाली फोडायचे आणि निकाल द्यायचे, "हा कॅनडाचा." तो खरंच कॅनडाचा असायचा का, देव जाणे. शेठला तर ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. उरलेले तीन दाणे सरांच्या खिशात जायचे.

त्या खिशाबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. गहू, हरभरा, वाटाणा, ज्वारी, सगळे तिथे गुण्यागोविंदानं नांदायचे. शिकवता शिकवता सरांचा हात खिशात जायचा आणि बाबर की अकबर असं काहीतरी महत्त्वाचं चाललेलं असताना कडकन दाणा फुटल्याचा आवाज यायचा. एका पावसाळ्यात काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, धुऊन वाळत घातलेला शर्ट तीन दिवसांनी काढला, तर खिशात हरभऱ्याला मोड आलेले. "लोकांचे नवरे खिशात रुमाल विसरतात, आमचे शेत विसरतात," असं त्या पुढे महिनाभर गल्लीत सांगत होत्या.

लग्नाच्या पंगतीत सरांच्या शेजारी बसू नये, हे आमच्या गल्लीत लहान मुलांनाही माहीत होतं. वरण वाढायला आलेल्या माणसाला ते थांबवायचे. "ही तूर कुठली?" तो म्हणायचा, "दुकानातली." "आणि दुकानाच्या आधी?" तो बिचारा बादली सावरत उभा, मागची सगळी पंगत कोरड्या भाताकडे बघत बसलेली. मग सर सांगायला लागायचे की बाहेरच्या तुरीवरचा कर सरकारनं काढला आहे, ती स्वस्त येते, म्हणून या वरणात आपल्या जवळच्या खकनारच्या शेतकऱ्याची तूर नसणार. शेवटी त्यांचा कायमचा प्रश्न यायचा, "तर मग कुणाच्या ताटातून गेलं आणि कुणाच्या ताटात आलं?" हा प्रश्न ते हेडमास्तरांना विचारायचे, शिपायाला विचारायचे, न्हाव्यालाही विचारायचे. उत्तर कुणी देत नसे, पण सर वाट बघायचे, अगदी खरीखुरी.

मराठी शाळेत ते आम्हाला इतिहास शिकवायचे. माझे वडील कागदाच्या मिलमध्ये होते. घर बुऱ्हाणपुरात, नोकरी मिलमध्ये, रोज रेल्वेनं येणंजाणं. आमच्यासारख्या महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांची सात-आठ मुलं वर्गात होती, त्यांना सगळे 'मिलवाले' म्हणायचे. बहादरपूरकडून सायकलींवर येणारी केळीच्या बागायतदारांची मुलं होती, ती 'बागवाले'. मिलवाल्यांच्या डब्यात गव्हाची पोळी, बागवाल्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात अदलाबदल चालायची, कारण दुसऱ्याच्या डब्यातलं नेहमीच जास्त चांगलं लागतं.

आणि या दोन्हींत न बसणारी एक शेवंती होती. तिचे आईबाप दुसऱ्यांच्या बागेत केळीचे घड कापायला जायचे. तिच्याकडे डबा नसायचा. ती ओढणीच्या टोकाला बांधून केळी आणायची, घड उतरवताना सुटलेली, डाग पडलेली, पण गोड. बुऱ्हाणपुरात केळ्याला कोण विचारतो? बागवाले तर केळं बघून तोंड फिरवायचे. आम्ही मिलवालेच काय ते घ्यायचो. चार केळ्यांना एक पोळी, असा तिचा आमचा न बोलता ठरलेला भाव होता. ती पोळी घेऊन खांबाला टेकून बसायची आणि फार हळू खायची. तेव्हा मला वाटायचं, ही किती नखऱ्यानं खाते.

आता तो धडा. आमच्या पुस्तकात इंग्लंडमधल्या धान्यकायद्यांवर चार ओळींचा परिच्छेद होता. दुसऱ्या कुठल्याही मास्तरांनी तो 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला असता. सरांनी त्यावर पंधरवडा घालवला. दोनशे वर्षांपूर्वी तिकडे मोठी लढाई संपली, समुद्र मोकळा झाला, आता बाहेरचा स्वस्त गहू येणार म्हणून जमीनदारांच्या पोटात गोळा आला. कायदे करणारेही तेच. त्यांनी ठरवलं की देशातला गहू चांगला महाग होईपर्यंत बाहेरचा गहू आत येऊ द्यायचा नाही. पुढे बंदीऐवजी कर आला, पण हेतू तोच. "जमीनदाराचं शेत सोन्याचं झालं," सर सांगायचे, "आणि मजुराची सगळी मजुरी पावात गेली. मग तो कापड कशातून घेणार? सांगा बरं, आपल्या इथं रोटी दुप्पट महाग झाली तर आपल्या लूमवाल्यांचे माग चालतील का?" मागच्या बाकावर लूमवाल्याचा मुलगा होता, तो एकदम ताठ बसला. इंग्लंड पहिल्यांदाच आमच्या गल्लीत आलं होतं.

कायदा रद्द झाल्याचं सांगितल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या, तर सरांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. "थांबा. पुढे काही वर्षांनी जहाजं भरभरून गहू आला. पाव स्वस्त झाला. पण तिथल्या गावांतली शेतं पडीक पडली, शेतावरचा गडी बोचकं घेऊन शहरात गेला. त्याच्यासाठी टाळी कोण वाजवतो?" परीक्षेत 'फायदे व तोटे लिहा' असा प्रश्न आला की त्यांचं डोकं फिरायचं. "कुणाचे फायदे? कुणाचे तोटे? नाव लिहा!" असं ते लाल शाईनं पेपरावर लिहायचे. आमच्या वर्गात एकालाही त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले नाहीत.

एवढं करून त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी व्हरांड्यात खडूनं एक लांब रेघ मारली. अलीकडे स्वदेश, म्हणजे भाकरीवाले. पलीकडे परदेश, म्हणजे आम्ही पोळीवाले. जी पोळी रेघ ओलांडून स्वदेशात जाईल तिची चतकोर रेघेवरच्या जकातनाक्यावर जमा करायची. भाकरीला कर नाही. दोन आठवडे हा खेळ खेळायचा आणि मग प्रत्येकानं लिहायचं, काय झालं. नाक्यावर प्रामाणिक माणूस हवा, म्हणून त्यांनी मला नेमलं. मी परात मांडीवर घेऊन रेघेवर बसले. आयुष्यात पुढे मला बऱ्यापैकी हुद्दे मिळाले, पण तो रुबाब पुन्हा आला नाही.

पहिले दोन दिवस नुसती धमाल. मग सर म्हणाले होते तसंच सगळं व्हायला लागलं, आणि आम्हाला त्याची मजा वाटली. चतकोर जाते म्हटल्यावर भाकरीवाले पोळी घेईनात, आपसांतच खायला लागले. भाकरीची किंमत वाढली. एक बागवाला तर घरून दोन-दोन भाकऱ्या जास्त आणायला लागला आणि व्हरांड्यात राजासारखा बसायला लागला. सर खांबाआडून बघायचे, त्यांचे डोळे चमकायचे. परातीत जमलेले चतकोर तुकडे सुट्टी संपली की शिपाई फाटकाबाहेरच्या गाईला घालायचा.

शेवंती बहादरपूरची, म्हणून स्वदेशात होती. केळी देऊन तिला पोळीच घ्यावी लागायची, आणि दरवेळी तिची चतकोर मी तोडून घ्यायची. भाकरी मागायला गेली तर त्या राजानं आता चार केळ्यांना अर्धीसुद्धा द्यायचं नाकारलं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मला दिसत होतं. पण मला ते धड्यासारखं दिसत होतं.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सरांना हेडमास्तरांनी बोलावलं होतं, ते व्हरांड्यात नव्हते. शेवंतीनं पोळी घेतली, घडी करून ओढणीखाली लपवली आणि माझ्याकडे न बघता रेघ ओलांडली. मी पाहिलं. मी उभी राहून ओरडले, "तस्करी! तस्करी!" सगळा व्हरांडा गोळा झाला. मी तिच्या ओढणीखालून पोळी ओढून काढली आणि म्हणाले, "तस्करीचा माल पूर्ण जप्त होतो." असा नियम सरांनी केलेला नव्हता. तो मी केला, तिथल्या तिथे, आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं. अख्खी पोळी परातीत पडली. पोरं "चोर, चोर" म्हणून नाचायला लागली. शेवंती फक्त म्हणाली, "केळी तं दिले ना मी." आणि खांबाशी जाऊन बसली, रिकाम्या हातांनी. ती पोळी गाईनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं हजेरी घेताना सर थांबले. "शेवंती कुठं आहे?" मग बहादरपूरची एक मुलगी म्हणाली, "सर, तिचे मायबाप कटाईले रावेरकडे गेले. ते म्हणे, पोरगी शाळेत जायले नाही म्हणते, तं घेऊन जातो संगं."

"नाही का म्हणते?" सरांनी विचारलं.

"भूक लागते म्हणे शाळेत."

त्या दुपारी सर सायकलवर बहादरपूरला गेले. पुढच्या रविवारी बसनं रावेरला गेले. केळीच्या बागा काय एक-दोन आहेत? कटाईची टोळी आज इथे, उद्या तिथे. ती सापडली नाही. सोमवारी आम्ही शाळेत आलो तेव्हा सर व्हरांड्यात गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं रेघ पुसत होते. शिपाई "मी करतो सर" म्हणत मागे उभा होता, त्याला ते हात लावू देत नव्हते.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "तू नाक्यावर होतीस. तिची चतकोर रोज घेतलीस?"

"हो सर."

"तिच्याकडे डबाच नव्हता, हे मला कसं दिसलं नाही? मी रोज तिथंच उभा होतो." ते माझ्याशी बोलत नव्हतेच. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू रडू नको बेटा. मी सांगितलं म्हणून घेतलीस तू. तुझा काही दोष नाही."

मी मान हलवली. त्या अख्ख्या पोळीबद्दल मी एक शब्द बोलले नाही. वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांनीही चोर-चोर केलं होतं, त्यामुळे तेही गप्प राहिले.

त्या दिवसापासून सर दोन डबे आणायला लागले. एक स्वतःचा. दुसरा मधल्या सुट्टीत व्हरांड्यात ठेवायचे, जिथे रेघ होती तिथे, आणि शेजारी उभे राहायचे. सुट्टी संपायला पाच मिनिटं राहिली की म्हणायचे, "ज्याला पाहिजे त्यानं खा." शिक्षक लोक टिंगल करायचे, "काय सर, परदेशी पाहुणा आज पण नाही आला?" आमच्यामागून किती वर्ग आले आणि गेले, त्या मुलांनी तो डबा भांडून खाल्ला, 'सरांचा डबा' म्हणून त्याचं नावच पडलं. तो कुणाचा आहे हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. काकू गेल्या, मग सून आली, पण डबे दोनच राहिले. सर निवृत्त झाल्यावर घरीसुद्धा दुपारी दोन डबे भरले जायचे. इतर माणसं म्हातारपणी विक्षिप्त होतात, सर आधीपासूनच होते, त्यामुळे कुणाला फारसं काही वाटलं नाही.

मला वाटायचं. मी कॉलेजात असताना एकदा ते बाजारात भेटले. परदेशी धान्यावरच्या करांबद्दल ते एक पुस्तक लिहीत होते, मी शाळेत असल्यापासून. मी विचारलं, "सर, पुस्तक कुठवर आलं?" ते म्हणाले, "जमीनदार झाला, व्यापारी झाला, विणकर झाला, मंत्री झाले. खाणाऱ्याचं प्रकरण अडलंय. तिला विचारल्याशिवाय मी काय लिहू?" हातातल्या पिशवीतून एक हरभरा काढून त्यांनी मला दिला, लहान मुलाला गोळी देतात तसा. मी तो चावला आणि तिथून पळाले. तेव्हा सांगता आलं असतं.

यंदा मामेबहिणीच्या लग्नाला पुण्याहून बुऱ्हाणपूरला गेले. तिथे कळलं की सरांची दृष्टी काचबिंदूनं पूर्ण गेली. मी ठरवलं, आता सांगायचंच. रात्रभराच्या लग्नाच्या गोंधळात मी एकच वाक्य मनाशी घोकत होते, 'सर, ती पोळी मी घेतली होती, सगळी.' दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले. पुण्याची सवय, आजाऱ्याला भेटायला जाताना फळं न्यायची. वाटेत जी हातगाडी दिसली तिच्यावरून केळ्यांची एक फणी घेतली आणि रिक्षात बसले. बुऱ्हाणपूर सोडून मला इतकी वर्षं झाली होती की मी काय करते आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही.

सुनेनं दार उघडलं, हातातलं बघून थोडी हसली आणि आत वळून म्हणाली, "बाबूजी, तुमच्या शाळेतल्या कोनी ताई आल्या. केळी घेऊन आल्या पहा."

सर खाटेवर बसले होते, खूप वाळलेले. ते एकदम ताठ झाले. "केळी?"

मी पुढे होऊन फणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाशी नेली, मग एकेका केळ्यावरून बोट फिरवलं. "बुऱ्हाणपुरात केळी घेऊन कोण येतं कुणाकडे?" ते हळू म्हणाले. "नाव सांग, बेटा."

नावाआधी घोकलेलं वाक्यच तोंडात आलं. मी कशीबशी म्हणाले, "सर, ती पोळी..."

"शेवंती," सर म्हणाले.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "हो, ती पोळीच. चतकोर-चतकोर करून मी तुझी शाळा खाल्ली. मी लय शोधलं तुले. रावेर, सावदा, सगळीकडे गेलो." इतकी वर्षं शुद्ध मराठीत इंग्लंड शिकवणारे सर घरच्या बोलीत बोलत होते, आणि त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण काय सांगणार होते मी? की तुम्ही धरलेला हात तिचा नाही, जिनं तिला हाकललं तिचा आहे? हे सांगून माझं ओझं उतरलं असतं. त्यांचं तर पुन्हा चढलं असतं.

"सूनबाई, दुसरा डबा आण," ते म्हणाले.

डबा भरलेलाच होता. त्यांनी चाचपडत तो उघडला, पोळी काढली, तळहातावर ठेवली आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या कडेवरून फिरवायला लागले. हळूहळू, पूर्ण गोल, जिथून सुरुवात केली तिथे परत येईपर्यंत. "पूरी आहे," ते म्हणाले. "पहा तू. कुठून तोडलेली नाही."

"हो सर. पूरी आहे."

"खा मग."

मी त्यांच्यासमोर बसून ती पोळी मेथीच्या भाजीबरोबर खाल्ली. फार हळू खाल्ली. सर कान लावून ऐकत होते. खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझा राग होता का तुले?"

"नाही सर."

"खरं सांगून राहिली?"

"खरं."

राग होता की नव्हता, हे सांगायचा अधिकार जगात एकाच बाईला होता. ती आज कुठल्या बागेत आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. तिला न विचारता मी तिच्या तोंडचं उत्तर देऊन टाकलं. सरांनी लांब श्वास सोडला आणि ते भिंतीला टेकले. मी त्यांना इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं.

मी बाहेर येऊन चपला घालत होते, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, "सूनबाई, उद्यापासून एकच डबा भरायचा."

सून मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "ताई, लय चांगलं केलं तुमी आल्या. त्या डब्याची वाट पाहू पाहू त्यांचा जीव अर्धा झाला होता."

मी रिक्षात बसले. शेवंती कधीतरी येईलही. केळी घेऊन येईल, दारात उभी राहील, आपलं नाव सांगेल. तेव्हा त्या घरात तिच्यासाठी डबा नसेल. तिची अख्खी पोळी मी दुसऱ्यांदा घेतली.